स्कूलिंग रिओत जिंकला कसा आणि टोकियोत हरला कसा

एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगनं २०१६ ला रिओत मायकेल फेल्प्सला मागं टाकून १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेतलं. पाच वर्षांनी टोकियोत तो हीटमध्येच, म्हणजे पहिल्याच फेरीत, बाद झाला आणि २८ व्या वर्षी निवृत्तही झाला. छोट्या बेटावरच्या देशातल्या पोहणाऱ्याचं करिअर असंच असतं का? अशा देशांतल्या मुलांना ऑलिम्पिकला जाणं आपल्यापेक्षा सोपं असतं म्हणतात, ते खरं का? आणि ताईंची मुलगी बारा वर्षांची आहे, राज्य स्पर्धेत बटरफ्लाय पोहते, तर तिच्यासाठी यातून काय घ्यावं?

मी कोच आहे, पत्रकार नाही. त्यामुळे उत्तर तलावाच्या काठावरून देतो.

दुसरा प्रश्न आधी मिटवू, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. ऑलिम्पिकच्या जलतरणात शिरायचा सरळ रस्ता म्हणजे ठरवून दिलेली पक्की पात्रता वेळ. ती दिली की जागा तुमची, पण एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोघंच. त्याखाली जरा सैल अशी दुसरी वेळ असते. ती दिलेल्यांना जागा उरल्या तर बोलावतात. आणि ज्या देशाच्या एकाही पोहणाऱ्याला यातलं काही जमलं नाही, त्या देशाला एक मुलगा आणि एक मुलगी पाठवता येते. याला युनिव्हर्सॅलिटी कोटा म्हणतात. त्यासाठी त्या खेळाडूनं आधी जागतिक स्पर्धेत भाग घेतलेला असावा लागतो. पलाऊ, मार्शल बेटं, किरिबाती, मालदीव असे देश बहुधा या दारानं येतात. त्यांची मुलं बऱ्याचदा ५० मीटर फ्रीस्टाईल घेतात, सुरुवातीच्या हीटमध्ये पोहतात, पंचवीस-सव्वीस सेकंदांत भिंत गाठतात आणि त्यांचं ऑलिम्पिक तिथंच संपतं. पदकं एकवीस सेकंदांच्या हिशेबात ठरतात.

यावर आपल्याकडे हसणारे बरेच आहेत. त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की २०२४ ला पॅरिसला आपले श्रीहरी नटराज आणि चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू हेही याच कोट्यातून गेले होते. १४० कोटींचा भारत आणि वीस हजारही वस्ती नसलेला पलाऊ, दोघं एकाच रांगेत. आपल्या दोघांच्या वेळा त्या मुलांपेक्षा कितीतरी सरस होत्या, हे खरं. पण दार तेच.

त्या छोट्या देशांतल्या मुलांचंही करिअर असतं, फक्त ते वेगळ्या जातीचं असतं. ऑलिम्पिक समितीच्या सॉलिडॅरिटी निधीची शिष्यवृत्ती, जागतिक जलतरण महासंघाची शिष्यवृत्ती, थायलंडमध्ये फुकेतच्या थान्यापुरासारख्या केंद्रात वर्ष-दोन वर्षं सराव, आणि मग आपापल्या भागातल्या स्पर्धा. प्रशांत महासागरात पॅसिफिक गेम्स, कॅरिबियनमध्ये कॅरिफ्टा, आपल्या बाजूला हिंदी महासागर बेट स्पर्धा. मॉरिशसमध्ये आपली मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या राहतात. तिथं कोत दोरचं क्रीडासंकुल आणि त्यातला ५० मीटरचा तलाव उभा राहिला तो २०१९ च्या याच स्पर्धांच्या निमित्तानं. अशा देशांत राष्ट्रीय विक्रम मोडणारा मुलगा उद्या त्याच तलावावर कोच होतो, परवा फेडरेशनचा सचिव. पदक नसलं तरी देशातलं अख्खं पोहणं त्याच्या खांद्यावर येतं. ही काही लहान गोष्ट नाही.

तुमचा मुख्य प्रश्न मात्र दुसऱ्या जातीच्या करिअरचा आहे. बेटावरून निघून थेट पदकापर्यंत जाणाऱ्यांचा.

इथं आधी एक समज बाजूला काढू. चोहीकडे समुद्र आहे म्हणजे पोहणारे आपोआप घडतील, असं लोकांना वाटतं. आपल्याकडे कोकणाबद्दल हेच बोलतात. समुद्रानं पाण्याची भीती जाते, दम वाढतो, खांदे तयार होतात. पण खारं पाणी शरीर वर उचलून धरतं, त्यामुळे कंबर पाण्याच्या वर ठेवायचं काम समुद्रच करतो. तलावात ते पोटाच्या स्नायूंना करावं लागतं. समुद्रात भिंत नाही, म्हणजे टर्न नाही. ब्लॉक नाही, म्हणजे डाइव्ह नाही. आणि शतांशापर्यंत तुमची वेळ सांगणारं घड्याळही नाही. १०० मीटरच्या शर्यतीत स्टार्ट आणि टर्ननंतरचं पाण्याखालचं अंतर, प्रत्येक लांबीला जास्तीत जास्त १५ मीटर, हा शर्यतीचा मोठा भाग असतो. तो समुद्रात शिकता येत नाही.

पुढची अडचण तलावाच्या लांबीची. पुष्कळ बेटांवर २५ मीटरचाच तलाव असतो. त्यात १०० मीटरला तीन टर्न मिळतात आणि प्रत्येक भिंतीवर पायाला जोर मिळून वेग परत येतो. ५० मीटरच्या तलावात टर्न एकच. छोट्या तलावात वाढलेला मुलगा मोठ्या तलावात आला की दुसऱ्या लांबीत पस्तीसाव्या मीटरच्या आसपास त्याचा हात जड होतो, हे मी इतक्या मुलांमध्ये पाहिलंय की त्याचा तलाव २५ चा आहे हे वेगळं विचारावं लागत नाही.

सिंगापूरला मात्र यातली एकही अडचण नव्हती. बृहन्मुंबईपेक्षा किंचित मोठा, पैसेवाला देश. चांगले तलाव, कोच, क्रीडाशाळा, सगळं होतं. तरी स्कूलिंगला बेट सोडावं लागलं. का, तर शेजारच्या लेनमध्ये कोणी नव्हतं. माझ्या मते त्याच्या चढण्याचं आणि उतरण्याचं, दोन्हीचं मूळ इथंच आहे.

स्कूलिंगचा जन्म १९९५ चा, आईवडिलांचा एकुलता एक. घरात ऑलिम्पिकची गोष्ट होतीच: सिंगापूरचे पहिले ऑलिम्पियन लॉइड व्हालबर्ग, १९४८ ला लंडनमध्ये उंच उडी मारलेले, हे त्याचे चुलत आजोबा. २००८ ला बीजिंगच्या आधी अमेरिकेचा संघ सिंगापुरात सरावाला थांबला, तेव्हा चष्मा लावलेल्या तेरा वर्षांच्या जोसेफनं फेल्प्सबरोबर काढलेला फोटो पुढं जगभर फिरला. तो सगळ्यांना माहीत आहे. मला त्या फोटोपेक्षा पुढच्या वर्षीचा निर्णय मोठा वाटतो. चौदाव्या वर्षी मुलाला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या बोल्स स्कूलमध्ये पाठवलं.

बोल्स ही काही कुठलीही शाळा नव्हे. सुरिनाम हा दक्षिण अमेरिकेच्या काठावरचा देश. बेट नाही, पण पोहण्याच्या बाबतीत बेटासारखाच एकटा. तिथला अँथनी नेस्टी याच शाळेत शिकला आणि १९८८ ला सोल ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये ५३.०० सेकंदांत मॅट बियाँडीला एका शतांशानं हरवून गेला. म्हणजे छोट्या देशातल्या मुलानं अमेरिकेच्या दादाला बटरफ्लायमध्ये हरवायचं, हा प्रकार त्या तलावाला नवा नव्हता. तिथले कोच सर्जिओ लोपेझ स्वतः सोलचे कांस्यपदक विजेते. आणि त्याच बोल्स क्लबच्या पाण्यात स्कूलिंगपेक्षा वर्षभरानं लहान असलेला एक स्थानिक पोरगाही पोहत होता. केलेब ड्रेसेल. हे नाव पुढं परत येणार आहे.

चौदाव्या वर्षी घर सोडणं म्हणजे काय, हे मुलाला हॉस्टेलवर ठेवलेल्या पालकांना सांगायला नको. इथं तर अर्धं जग ओलांडून. खर्च सगळा घरचा. २०१६ ला त्या कुटुंबाच्या खर्चाचा जो आकडा बातम्यांत आला तो दहा लाख सिंगापूर डॉलरच्या वरचा होता. सुवर्णपदकाचं बक्षीसही दहा लाख डॉलरच, आणि त्यातला पाचवा हिस्सा नियमानं संघटनेला द्यायचा. हिशेब तुम्हीच करा.

लंडन २०१२ ला तो १७ वर्षांचा होता. २०० मीटर बटरफ्लायच्या हीटआधी त्याला सांगण्यात आलं की तुझी टोपी आणि गॉगल मान्यताप्राप्त नाहीत, बदल. ऐन वेळी दुसरं चढवून पोहला आणि सेमीफायनलला पोचला नाही. लोक याला नशीब म्हणतात. मला यात छोट्या संघाचं दुखणं दिसतं. मोठ्या संघाबरोबर नियमांचं कागदपत्र बघणारा माणूस वेगळा असतो, छोट्या संघात तेच काम कोच, मॅनेजर आणि कधी कधी मुलाचा बाप करतो. (ताई, राष्ट्रीय स्पर्धेला जाताना मुलीच्या सूटवरची मान्यतेची खूण बघून घ्या. हे काम कोचवर सोडू नका.)

त्यापुढं आला सैन्याचा प्रश्न. सिंगापुरात प्रत्येक मुलाला अठराच्या आसपास दोन वर्षं सैनिकी सेवा करावी लागते आणि त्यात सूट मिळणं जवळजवळ अशक्य. पोहणाऱ्याच्या आयुष्यातली नेमकी हीच वर्षं सोन्याची. उंची पूर्ण झालेली, ताकद येऊ लागलेली, आणि इंजिन अजून वाढू शकतं अशी. दोन वर्षं पाण्याबाहेर गेली तर बटरफ्लायवाला परत त्याच जागी येणं अवघड. सरकारनं २०१३ मध्ये त्याला रिओपर्यंत मुदत दिली. ही मुदत नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मी छातीठोकपणे सांगतो. छोट्या देशात सरकारची एक सही अख्खं करिअर घडवते किंवा मोडते. अमेरिकन मुलाला हा विषयच माहीत नसतो.

मग टेक्सस विद्यापीठ, कोच एडी रीस. इथं जे घडलं ते मला रिओच्या फायनलइतकंच महत्त्वाचं वाटतं. २०१५ च्या अमेरिकन विद्यापीठ अजिंक्यपदात १०० बटरफ्लायच्या फायनलला आठ लेन होत्या आणि त्यातल्या सहा टेक्ससच्या मुलांनी भरल्या होत्या. विचार करा, जगातल्या सर्वांत कठीण विद्यापीठ स्पर्धेची फायनल, आणि त्यातले सहा जण रोज सकाळी एकाच पाण्यात. स्कूलिंग ती जिंकला. पण त्याला घडवलं त्या पाच जणांनी. सरावात १६ वेळा ५० मीटर रेसच्या वेगानं, दर दोन मिनिटांनी एक, असा सेट दिला, तर एकटा मुलगा बाराव्या फेरीला हात आखडता घेतो. कोच कितीही ओरडो. शेजारी अर्धं डोकं पुढं असलेला कोणी दिसला की तोच मुलगा सोळावी फेरी पहिलीच्या वेळेत मारतो. माझ्या क्लबात राष्ट्रीय पातळीच्या मुलाशेजारी कोण ठेवायचं, हे माझं रोजचं डोकेदुखीचं काम असतं. रीस यांच्याकडे तो प्रश्नच नव्हता.

२०१५ लाच कझानच्या जागतिक स्पर्धेत ५०.९६ सेकंदांत कांस्य. सिंगापूरचं पहिलं जागतिक पदक. त्याआधी त्याच उन्हाळ्यात घरच्या सी गेम्समध्ये (आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेत) नऊ सुवर्णं, नऊही स्पर्धा-विक्रमांसह.

आता रिओ. हीटमध्ये ५१.४१, सेमीफायनलमध्ये ५०.८३, दोन्हीकडे सर्वांत वेगवान. म्हणून फायनलला चौथी लेन. फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा चॅड ले क्लोस, हंगेरीचा लास्लो चेह हे तिघंही त्या फायनलला. फेल्प्सनं ही शर्यत २००४, २००८ आणि २०१२ अशी सलग तीनदा जिंकलेली. फेल्प्सची खोड सगळ्या जगाला ठाऊक होती: पहिल्या पन्नासला मागं राहायचं आणि परतीच्या लांबीत एकेकाला गिळायचं. त्याच्याविरुद्ध हरणारे बहुतेक जण पहिल्या लांबीत जपून पोहायचे, शेवटासाठी शिल्लक ठेवायची म्हणून. स्कूलिंगनं जपलं नाही. टर्नला तो पहिला होता.

ती शर्यत पुन्हा बघायला मिळाली तर शेवटच्या पंधरा मीटरला डोळा लावा. बटरफ्लायवाला दमला की आधी त्याची कंबर बसते. कंबर बसली की पाय खाली जातात, श्वास घेताना हनुवटी वर जाते, आणि हात पाण्यावरून येण्याऐवजी पाणी ओढत येतात. डोकं वर आलं की समजायचं, संपलं. स्कूलिंगचं डोकं खालीच राहिलं. हात सुटा येत होता, किकचा दुसरा ठोका (बटरफ्लायमध्ये हाताच्या एका फेरीला पाय दोनदा मारतात) शेवटपर्यंत शाबूत होता. ५०.३९, ऑलिम्पिक विक्रम. मागं तीन माणसं एकाच वेळेत, ५१.१४: फेल्प्स, ले क्लोस आणि चेह. तिघांना रौप्य. पाऊण सेकंद म्हणजे त्या वेगाला सव्वा ते दीड मीटर. १०० मीटरच्या ऑलिम्पिक फायनलला एवढं अंतर पडणं दुर्मिळ, याच शर्यतीत फेल्प्सनं २००८ ला मिलोराद चाविचला एका शतांशानं हरवलं होतं. सिंगापूरचं हे पहिलंवहिलं ऑलिम्पिक सुवर्ण.

आणि इथून गोष्ट अवघड होते.

नंतर तो का उतरला, यावर लोक चटकन निकाल देतात: डोक्यात हवा गेली, पैसा आला, मजा केली. थोडंफार असेलही. २१ व्या वर्षी ५६ लाखांच्या देशाचा एकुलता एक सुवर्णवीर झालेल्या मुलानं काही महिने सैल सोडलं, तर मला त्यात पाप दिसत नाही. पण कोच म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो. सैल सोडल्यावर त्याला ओढून आणणारं कोण होतं?

अमेरिकेत ऑलिम्पिक विजेत्यालाही ट्रायल्समध्ये पहिल्या दोघांत यावं लागतं. नाही आला तर घरी. मागच्या वेळचं सुवर्ण तिथं चालत नाही. ही भीती रोज पहाटे पाच वाजता उठवते, कोचला उठवावं लागत नाही. सिंगापुरात २०१९ च्या सी गेम्समध्ये स्कूलिंगनं टोकियोची पात्रता वेळ दिली. त्याच्याबरोबर क्वाह झेंग वेननंही दिली. जागा दोन, माणसं दोन. तिसरा कोणी दार ठोठावत नव्हता. अशा ठिकाणी चॅम्पियनला हरण्याची सवयच राहत नाही, आणि मग हरतो तेव्हा थेट ऑलिम्पिकमध्ये हरतो.

उतार एका दिवसात आला नव्हता. २०१७ च्या विद्यापीठ स्पर्धेत १०० बटरफ्लाय ड्रेसेलनं जिंकली, आणि २०० मध्ये स्कूलिंग फायनललाही पोचला नाही. त्याच वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत त्यानं ५०.८३ दिले. रिओच्या सेमीफायनलएवढेच. कांस्य मिळालं, तेही वाटून. ड्रेसेलनं ४९.८६ दिले होते. हे नीट बघा. स्कूलिंगची वेळ वर्षभरात अर्ध्या सेकंदाहून कमीच घसरली होती. पण तेवढ्यात बोल्सच्या पाण्यातला तो पोरगा एक सेकंद पुढं निघून गेला होता. २०१८ च्या जकार्ता एशियाडला स्कूलिंगनं १०० आणि ५० बटरफ्लायची सुवर्णं घेतली, त्यामुळे घरी सगळ्यांना वाटलं, आहे की फॉर्मात. आशियात तेव्हा ५१.०४ ला सुवर्ण मिळत होतं. जगात मिळत नव्हतं.

टोकियोत हीटमध्ये ५३.१२. त्याच शर्यतीच्या फायनलला ड्रेसेलचा जागतिक विक्रम, ४९.४५. स्वतःच्या रिओच्या वेळेपेक्षा स्कूलिंग जवळजवळ तीन सेकंद मागं. बटरफ्लायमध्ये तीन सेकंद कसे जातात हे बाहेरच्याला कळत नाही. ते शेवटच्या लांबीत जातात, आणि तेही बहुतेक शेवटच्या वीस मीटरांत. दमाचा पाया एक-दोन हंगाम कच्चा राहिला की बटरफ्लाय तुम्हाला दाखवतो. फ्रीस्टाईलमध्ये थोडं झाकता येतं, इथं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये वडील गेले. जानेवारी २०२२ ला पुढं ढकललेली सैनिकी सेवा सुरू झाली. मे महिन्यात हनोईच्या सी गेम्समध्ये १०० बटरफ्लाय तो जिंकला, पण त्या दिवसांत तिथं गांजा घेतल्याचं त्यानं नंतर कबूल केलं. सैन्यानं सरावासाठी आणि स्पर्धेसाठी मिळणारी सवलत काढून घेतली. एप्रिल २०२४ मध्ये निवृत्ती. त्या गांजाच्या प्रकरणावर आपल्याकडे चवीनं बोलणारे भेटतात. मला त्यावर बोलायचं नाही, त्यानं चूक मान्य केली आणि विषय संपला.

आणि न्यायानं बोलायचं तर पडणं काही बेटावरच्यांचीच मिरास नाही. खुद्द ड्रेसेल पॅरिसला १०० बटरफ्लायच्या फायनलला पोचला नाही. (टोकियोनंतर तो सरावाला कोणाकडे गेला? फ्लोरिडा विद्यापीठात कोच असलेल्या सुरिनामच्या नेस्टीकडे.) फरक एवढाच, की ड्रेसेल पडला तरी अमेरिकेचं पोहणं थांबत नाही. स्कूलिंग पडला तेव्हा सगळं बेट एकदम त्याच्याकडे वळून बघत होतं.

सगळ्यांचं असंच होतं का? नाही. त्रिनिदाद-टोबॅगोचा जॉर्ज बोव्हेल घ्या. चौदा लाखांच्या आतला देश. तोही अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात गेला. २००४ ला अथेन्समध्ये २०० मीटर मेडलेत (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक) फेल्प्स आणि रायन लॉक्टीच्या मागं त्यानं कांस्य घेतलं, लॉक्टीपेक्षा फक्त दोन शतांशांनी मागं. पुढं तो मेडलेकडून ५० मीटर फ्रीस्टाईलकडे वळला आणि नऊ वर्षांनी, २०१३ ला बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेत त्यात कांस्य मिळवलं. सिडनी ते रिओ, पाच ऑलिम्पिक. मला हे करिअर स्कूलिंगच्या करिअरपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं, पण सुवर्ण नसल्यामुळे त्याचं नाव कोणी घेत नाही. स्प्रिंटला जाण्यात शहाणपण आहे: मोठ्या वयात टिकते ती ताकद, आणि ५० मीटरला रोजचं अंतर कमी पोहून चालतं, त्यामुळे शेजारची लेन रिकामी असली तरी थोडंफार भागतं.

सध्याचं नाव जॉर्डन क्रूक्स, केमन बेटांचा. केमन हा सार्वभौम देश नाही, ब्रिटिश अखत्यारीतला प्रदेश आहे, पण ऑलिम्पिकमध्ये त्याचा संघ वेगळा असतो. वस्ती लाखाच्या आत. क्रूक्सही टेनेसी विद्यापीठात गेला, २०२२ ला छोट्या तलावातल्या जागतिक स्पर्धेत ५० फ्रीस्टाईल जिंकला आणि डिसेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला १९.९० सेकंद दिले. छोट्या तलावात वीस सेकंदांच्या आत जाणारा जगातला पहिला माणूस.

ताई, आता तुमच्या मुलीकडे. आपण बेटावर राहत नाही, पण पोहण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातला प्रत्येक जिल्हा एक बेटच आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. घर सोडून बेंगळुरूला सराव, किशोरवयातच बीजिंग ऑलिम्पिक, २०१० ला ग्वांगझू एशियाडमध्ये ५० बटरफ्लायचं कांस्य. जलतरणात भारताला २४ वर्षांनी मिळालेलं एशियाडचं पदक. मग राज्य सरकारनं तहसीलदाराची नोकरी दिली, आणि खेळाडूला रजा मागत फिरावं लागलं. सिंगापूरच्या सैनिकी सेवेपेक्षा हे फार वेगळं नव्हतं. तरी २०१८ ला जकार्तात ५० फ्रीस्टाईलचं कांस्य त्याचं अवघ्या एका शतांशानं हुकलं.

बाराव्या वर्षी तिला परदेशी पाठवायचा विचार करू नका. बेंगळुरूचाही आत्ता नको. या वयात चारही स्ट्रोक आणि मेडले पोहू दे. फक्त बटरफ्लायवर बसवलं तर खांदा पंधराव्या वर्षी बोलू लागतो. पाळी सुरू होण्याच्या आसपास वर्षभर टायमिंग थांबेल किंवा मागंही जाईल. तेव्हा कोच बदलायची घाई करू नका आणि जेवण तर अजिबात कमी करू नका. सराव २५ मीटरच्या तलावात असेल, तर सुट्टीत निदान काही आठवडे तिला ५० मीटरच्या तलावात पोहायला मिळेल असं बघा. पुण्यात बालेवाडी आहे. आणि क्लब निवडताना कोचच्या भिंतीवरची पदकं मोजू नका. सरावाच्या वेळी जाऊन बसा आणि तिच्यापेक्षा वेगानं पोहणाऱ्या दोन-तीन मुली किंवा मुलं त्याच वेळेला त्याच पाण्यात असतात का, ते बघा. नसतील तर ती तिथं जिंकत राहील आणि पुढं जाणार नाही.

तिच्या पुढच्या स्पर्धेत १०० बटरफ्लायचे दोन्ही पन्नासचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक लांबीची वेळ, वेगळे लिहून घ्या, ५० मीटरच्या तलावातले. मोठ्या पातळीवर दुसरी लांबी पहिलीपेक्षा साधारण तीन सेकंदांनी मंद असते. तिच्या वयाला चार-पाच चालतील. सात-आठ पडत असतील तर दोष वेगाचा नाही, दमाचा आणि कंबरेचा आहे, आणि त्यासाठी बटरफ्लायचं अंतर वाढवण्याआधी फ्रीस्टाईलचं वाढवावं लागेल. ते आकडे आणि शेवटच्या पंधरा मीटरचा बाजूनं काढलेला व्हिडिओ पाठवलात तर मी नेमकं सांगू शकेन.